टर्बो गाडीची ताकद वाढवताय? आधी हेड गॅसकेटचा विचार करा

एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून आता कंपनीच ११०-१२० पीएस (अश्वशक्ती) काढून देते. रिमॅप केला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातलं (ईसीयूमधलं) सॉफ्टवेअर बदललं, की त्यात आणखी वीसेक टक्के भर पडते. एवढं ऐकल्यावर बेळगावच्या टिळकवाडीतला असो की निपाणीचा, गाडीवेडा माणूस हिशेब मांडायला बसतो. मग गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "नको त्या भानगडीत पडू, हेड पॅकिंग, म्हणजे गॅसकेट, जाईल." दुसरा म्हणतो, "भारीतलं गॅसकेट आणि स्टड टाक, मग हवा तेवढा बूस्ट मार." पहिला उगाच घाबरवतो. दुसऱ्याचं ऐकलंत तर खिसा रिकामा होतो आणि गॅसकेट जायचं तेव्हा जातंच.

माझं मत सरळ आहे. रोज ऑफिसला, शेताला, सासरी न्यायच्या गाडीत हेड गॅसकेट नुसत्या बूस्टमुळे (टर्बोने हवेवर चढवलेल्या जादा दाबामुळे) क्वचितच जातं. ते जातं गाडी तापल्याने आणि इंजिन नॉक झाल्याने. त्यामुळे पैसे खर्चायचा क्रम असा ठेवा: आधी कूलिंग, मग मोजमाप, मग इंधन-तेल आणि ट्यून (रिमॅपची फाइल). चांगलं चाललेलं हेड उघडायचं ते कारण असेल तरच. सुरुवातीची एक तपासणी सोडली तर पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी समजून घ्या: तिथे चाललंय काय

ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) यांच्यामध्ये हे पातळ पान बसतं. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, दाबाखालचं तेल आणि फिरतं कूलंट. आजच्या बहुतेक गाड्यांत ते एमएलएस प्रकारचं असतं, म्हणजे स्टीलचे तीन-चार पातळ पत्रे एकावर एक, आणि प्रत्येक सिलिंडरभोवती दाबून उठवलेली कड. हेड बोल्ट आवळले की ही कड स्प्रिंगसारखी दबून राहते.

आता दाबाचा हिशेब. साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४३.६ चौरस सेंटिमीटर भरतं. स्फोटाच्या क्षणी दाब १०० बारच्या आसपास गेला, आणि टर्बो पेट्रोलमध्ये तो जातो, तर एका सिलिंडरपुरता हेडला वर ढकलणारा जोर साडेचार टनांच्या घरात येतो. तोही मिनिटाला हजार-दोन हजार वेळा. डिझेलमध्ये दाब याहून बराच जास्त. हा जोर हेड बोल्टांच्या ताणाने अडवलेला असतो. ताण कमी पडला की हेड केसभर उचललं जातं, वायू कडेवरून निसटतो आणि एकदा वाट पडली की पुढे ती रुंदच होत जाते.

दुसरी गोष्ट तापमानाची. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल तर गाडी तापताना आणि निवताना हेड गॅसकेटवरून रोज कणभर सरकतं. ही घासाघीस कंपनीने धरलेलीच असते. पण तापमानाचा काटा एकदा लाल रेषेत गेला की हेड वाकतं, त्याचा धातू मऊ पडू शकतो आणि बोल्टांखाली दबतो. मग गॅसकेट कितीही महागाचं असलं तरी त्याला टेकायला सपाट जागाच उरत नाही.

तिसरी आणि सगळ्यात वाईट म्हणजे नॉकिंग. मिश्रण ठिणगीच्या ज्वालेने क्रमाने न जळता कोपऱ्यात आपोआप पेटलं की दाब हळूहळू न चढता एकदम उसळतो. सिलिंडरभोवतीच्या कडेला तडा जातो तो इथे. थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला, जास्त बूस्टवर, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकारही होतो. तो तर पिस्टनचीही कड तोडतो.

आणि तो होतो कुठे? ऊस हंगामात संकेश्वर-चिकोडी रस्त्यावर. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, तुम्ही चौथ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवर मागे रेंगाळताय, समोर रस्ता मोकळा दिसला आणि गिअर न बदलता पाय खाली दाबला. रिमॅप केलेल्या गाडीत त्या क्षणी पूर्ण बूस्ट येतो, पिस्टन सावकाश हलत असतो आणि मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. हायवेवर साडेपाच हजार आरपीएमला सगळी ताकद काढण्यापेक्षा हे ओव्हरटेक गॅसकेटला कितीतरी जड जातं. टॉर्क १७५ न्यूटन-मीटरवरून २२० वर नेला तर सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब २२ बारवरून पावणेअठ्ठावीसला जातो. पीएसचा आकडा मित्रांना सांगायला ठीक आहे. गॅसकेटला भोगावा लागतो तो टॉर्क, आणि तो किती खालच्या आरपीएमला येतो ते.

पायरी १: गाडी आत्ता कशी आहे ते तपासा

आधीच आजारी असलेल्या इंजिनावर रिमॅप टाकू नये. दोन-तीन तपासण्यांत चित्र स्पष्ट होतं.

सकाळी गाडी पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा आणि टाकीवर पेनाने खूण करा. दोन आठवडे रोज त्याच वेळी बघा. बाहेर कुठे गळत नसताना पातळी उतरत असेल तर पाणी आत कुठेतरी जातंय. डिझेलमध्ये लगेच गॅसकेटवर आळ घेऊ नका, ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा वायू कूलंटने गार करणारा भाग) फुटला तरी हेच होतं.

गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. पाणी तापायच्या आत तो दगडासारखा ताठ झाला असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. टाकीत सतत बुडबुडे येणं, सुरुवातीला एखादा सिलिंडर मिस मारणं, गोडसर वासाचा पांढरा धूर न थांबणं, हीही त्याच घरची लक्षणं.

तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला म्हणून मात्र हाय खाऊ नका. बेळगावच्या पावसाळ्यात टिळकवाडी ते कॅम्प एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं तेल धड तापतच नाही, त्यामुळे आतली वाफ झाकणापाशी जमते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी जागेवर असेल, तर एकदा हायवेने धारवाडपर्यंत जाऊन या आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरच दुधाळ दिसलं तर गोष्ट वेगळी, गाडी तिथेच उभी ठेवा.

मग गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजायची) करून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर बहुधा त्यांच्या मधल्या पट्टीतून गॅसकेट गेलेलं असतं. शंका राहिली तर लीक-डाउन टेस्ट: पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवेचा दाब द्यायचा आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का ते बघायचं. निळ्या द्रवाची एक रासायनिक टेस्टही मिळते. टाकीच्या तोंडाशी धरून हवा ओढायची, जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा पडतो. सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी काही बिघडलंसं वाटलं तर तुलना करायला हाताशी हवेत.

पायरी २: कूलिंग, जिथे पैसे लावायला हात आखडू नये

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे उघड्यावर पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. टर्बो इंजिन नेहमीच्या चालण्यातही नव्वद ते एकशेपाच अंशांवर असतं. म्हणजे पाणी उकळू न देण्याचं काम दोघांवर आहे: कूलंटमधलं ग्लायकोल आणि टाकीचं दाब धरणारं झाकण. पन्नास-पन्नास मिश्रण आणि एक-सव्वा बार धरणारं झाकण असेल तर उकळबिंदू सव्वाशेच्या आसपास जातो. झाकणाचं रबर वाळलं, दाब धरेना झाला, की ही सगळी सवलत गेली. झाकण गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. रिमॅपच्या आधी नवं टाका, ओरिजिनलच.

बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची सवय आपल्याकडे जुनी. "पाणीच तर आहे, काय होतंय." होतं असं की क्षार हेडमधल्या अरुंद वाटांना चिकटतात, विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या भागाला, जो मुळात सगळ्यात तापणारा. वरून ॲल्युमिनियम गंजतं आणि गॅसकेटच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात. कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच कूलंट घ्या. पातळ करायचं असेल तर डिमिनरलाइज्ड पाणी वापरा. हिरवं-गुलाबी दिसेल ते एकमेकांत मिसळू नका. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. "आगतद बिडरी (कन्नडमध्ये 'होतंय हो, सोडा'), काढून टाकू, गाडी गारच राहील" हे मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. सपाट रस्त्यावर ती वाजवीपेक्षा गार राहते, ईसीयूला वाटतं इंजिन अजून तापलेलंच नाही, आणि तो जादा पेट्रोल पाजत बसतो.

रेडिएटर आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) यांच्या जाळ्या बघा. खानापूर-जांबोटी भागात फिरणाऱ्या गाडीत लाल चिखल बसतो, रायबाग-अथणीकडे धूळ आणि उसाचं पाचट. पुढचा बंपर काढून, कमी दाबाच्या पाण्याने, आतून बाहेर धुवायचं. वॉशिंग सेंटरच्या जेटने जवळून मारलं तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवा जायची बंद होते. फॅन दोन्ही स्पीडला चालतो का, वॉटर पंपाजवळ पांढरा-गुलाबी वाळलेला ओघळ आहे का, एवढं पाहिलं की ही पायरी झाली.

पायरी ३: काट्यावर विश्वास नको, आकडा बघा

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा ड्रायव्हर घाबरू नये म्हणून बनवलेला असतो. पंचाहत्तरपासून एकशेपाचपर्यंत तो बऱ्याच गाड्यांत मधोमध स्थिर दिसतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त लाल दिवा, आणि तो लागेपर्यंत वेळ गेलेली असते. ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप, एवढ्याने काम भागतं. तीन आकडे समोर ठेवा: कूलंटचं तापमान, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि टायमिंग (ठिणगी कधी पडते ते). गाडी नॉक करेक्शन (नॉक ओळखून ईसीयू ठिणगी किती मागे घेतो तो आकडा) दाखवत असेल तर चौथा तो.

रिमॅपच्या आधीच आठ-दहा दिवस हे आकडे नोंदवा. शहरात, वंटमुरी घाटात, एसी लावून, माणसं भरून. आपल्या गाडीचं 'नेहमीचं' काय ते कळल्याशिवाय 'जास्त' काय ते कळणार नाही.

पायरी ४: इंधन, तेल आणि ट्यून

बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचं ऑक्टेन (नॉकिंग किती रोखलं जातं तो आकडा) किमान ९१ आणि प्रीमियमचं किमान ९५ आहे. हल्ली पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या उसाचं का असेना. नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल उपकारकच आहे, मात्र त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, आणि ते ट्यूनमध्ये धरलेलं हवं. ट्यूनरला एकच गोष्ट ठासून सांगा: मी नाइलाजाने भरेन त्या सगळ्यात हलक्या पेट्रोलवर ट्यून कर. शहरात ९५ मिळतं म्हणून तुम्ही तसा ट्यून करून घ्याल, आणि एखाद्या रात्री चंदगडकडून येताना वाटेतल्या एकुलत्या पंपावर साधंच भरावं लागेल.

दुसरी मागणी टॉर्कची. दोन हजार-बावीसशे आरपीएमच्या खाली टॉर्क फार वाढवू नका, वाढ त्याच्या वर द्या. गाडी पहिल्यांदा चालवताना पाठीत बसणारा धक्का थोडा कमी वाटेल. वाटू दे. एवढी एक विनंती मान्य करणारा ट्यूनर निवडा. "सगळ्यांना हीच फाइल टाकतो" म्हणणाऱ्याकडून उठून या.

सेन्सरच्या वायरमध्ये लावायच्या ट्यूनिंग बॉक्सपासून लांबच राहा. तो ईसीयूला खोटा दाब सांगतो, नॉक काय चाललंय ते त्या बॉक्सला दिसत नाही. डिझेलचे बॉक्स बहुधा रेल प्रेशरचा (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) आकडा खोटा सांगून जादा डिझेल ओततात. काळा धूर आणि एक्झॉस्टची उष्णता दोन्ही वाढतात, आणि डिझेलच्या गॅसकेटवर दाब तर मुळातच जास्त.

गोव्याला नेहमी जाणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. बेळगावात हवेचा दाब साधारण ०.९३ बार, पणजीला १.०१. कंपनीचा ईसीयू बहुतेक वेळा एकूण दाब मोजून बूस्ट ठरवतो, त्यामुळे तो सांभाळून घेतो. इथल्या विरळ हवेत तोच दाब गाठायला टर्बोला जास्त राबावं लागतं आणि हवा जास्त तापते, एवढाच फरक. पण कुणी हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर बसवला असेल तर तो बाहेरच्या हवेवर ठरलेला बूस्ट चढवतो. इथे एक बार बूस्टला इंजिनात १.९३ जातात, चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचलात की २.०१. वर तिथली दमट, उकाड्याची हवा. डिसेंबरात हिंडलगा रोडवर गोड वाटलेली ट्यून मे महिन्यात तपासल्याशिवाय ती झाली असं म्हणू नका.

थेट इंजेक्शनच्या टर्बोमध्ये एपीआय एसपी दर्जाचं तेल वापरा. हा दर्जा २०२० मध्ये आला आणि कमी आरपीएमला मिश्रण आधीच पेटण्याविरुद्धची चाचणी त्यात आहे. ग्रेड कंपनीचीच ठेवा, तेल बदलायचं अंतर मात्र कमी करा. प्लग ट्यूनर सांगेल त्याप्रमाणे एक पायरी गार (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावे लागतील.

ट्यून टाकल्यावर पुन्हा आकडे बघा. जोर लावताना क्षणभर टायमिंग एक-दोन अंश मागे येणं चालतं. सगळ्या सिलिंडरवर सतत चार-पाच अंश मागे येत असेल तर इंजिन तुम्हाला ओरडून सांगतंय. फाइल सौम्य करून घ्या.

पायरी ५: हेड उघडायचं की नाही

कंपनीचाच टर्बो, मर्यादित रिमॅप, तपासण्या स्वच्छ: हेडला हात लावू नका. कारखान्यात जी सफाई आणि अचूकता मिळते ती गल्लीतल्या शेडमध्ये पुन्हा मिळवणं सोपं नाही. चांगलं गॅसकेट काढून भारीतलं बसवताना नवे दोष शिरण्याचीच शक्यता जास्त.

उघडायचं ते तीन वेळा. गॅसकेट गेल्याचं टेस्टमध्ये दिसलं. गाडी एकदा जबर तापली आहे आणि इतिहास माहीत नाही, सेकंडहँड गाडीत हे फार. किंवा मोठा टर्बो लावून टॉर्क दीडपट करायचा आहे. तिसऱ्या प्रकारात पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच असे बाकीचेही प्रश्न उभे राहतात, आणि मग ती रोजच्या वापराची गाडी राहते का याचा विचार घरच्यांशी बोलून करावा.

पायरी ६: उघडलंच तर

बेळगाव हे फाउंड्रीचं आणि मशीन शॉपचं गाव. उद्यमबागेत क्रँकशाफ्टला मायक्रॉनमध्ये घासणारे हात आहेत. त्याचा फायदा घ्या, पण काय मागायचं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

हेड पूर्ण गार असतानाच काढायचं. बोल्ट बाहेरून आतल्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे ढिले करायचे. जुनं गॅसकेट फेकू नका. कुठे काळा पट्टा आहे, कुठली कड चेपली आहे, ते बघा आणि फोटो काढा. दोन सिलिंडरच्या मधे काळं असेल तर दाब किंवा नॉक, पाण्याच्या भोकाशी खाल्लेलं असेल तर कूलंटची हेळसांड. कारण न शोधता नवं बसवलं तर तेच पुन्हा होईल.

पृष्ठभाग साफ करताना ड्रिलला लावायची घासणारी चकती वापरू देऊ नका. मेकॅनिकला ती आवडते, दोन मिनिटांत चकचकीत. पण ती ॲल्युमिनियममध्ये डोळ्याला न दिसणारे खळगे पाडते. शिवाय तिची बारीक पूड तेलाच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते. प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी, गॅसकेट रिमूव्हर आणि धीर, एवढं पुरे. तेलाच्या आणि पाण्याच्या भोकांत आधी कापडाचे बोळे घाला आणि नंतर ते मोजून काढा.

मग स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या). लांबीच्या दोन्ही कडा, रुंदी आणि दोन्ही कर्ण असं सगळीकडे तपासायचं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, आपल्या इंजिनाची बघून घ्या. ब्लॉकचा माथाही असाच तपासा. हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवून ब्लॉककडे कुणी ढुंकून बघत नाही, हे नेहमीचं. हेड जबर तापलेलं असेल तर चिरेसाठी प्रेशर टेस्ट आणि शक्य असेल तर हार्डनेस टेस्टही करून घ्या. कॅमशाफ्ट जागेवर ठेवून हाताने मोकळा फिरतो का बघा. वाकलेल्या हेडचा तळ फेसिंगने सपाट होतो, वरची कॅमची रेष सरळ होत नाही.

फेसिंग करायचंच झालं तर दोन गोष्टी सांगा. एक, कमीत कमी माल काढायचा. एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात, साडेदहा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) असेल तर, ०.३ मिलिमीटर घासल्याने तो १०.९ पर्यंत चढू शकतो. टर्बो गाडीत हे म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. व्हॉल्व्हचा टाइमिंगही किंचित हलतो. काही कंपन्या हेड घासायला परवानगीच देत नाहीत, तिथे नवं किंवा चांगलं दुसरं हेड बघावं लागतं. दोन, फिनिश. एमएलएस गॅसकेटला खडबडीत पृष्ठभाग चालत नाही. सव्वा मायक्रॉन आरएच्या (खडबडीतपणाच्या मापाच्या) खाली हवं, एकच्या खाली मिळालं तर फारच छान. नखाने ओरखडे जाणवत असतील तर ते परत पाठवा. रफनेस टेस्टर असलेल्या शॉपकडे काम द्या आणि आकडा बिलावर लिहून मागा.

गॅसकेट ओरिजिनल किंवा नावाजलेल्या उत्पादकाचं, चेसिस नंबर सांगूनच घ्या. डिझेलमध्ये एकाच इंजिनाला दोन-तीन जाडीची गॅसकेट असू शकतात, कडेच्या खाचांनी किंवा भोकांनी ओळखायची. कोणती लागणार ते पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजून ठरतं, जुन्याची जाडी बघून नव्हे. कॉम्प्रेशन कमी करायला मुद्दाम जाड गॅसकेट घालायची शक्कल टाळा, कडेची जागा मोकळी होते आणि नॉकिंग वाढू शकतं. तांब्याचं गॅसकेट रेसच्या गाडीत ठीक, रोजच्या गाडीत पाणी झिरपायचं दुखणं मागे लागतं.

नवं गॅसकेट ब्लॉकवर ठेवल्यावर पाण्याची काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान दिसतील. ती चूक नसते, कुठल्या सिलिंडरभोवती किती पाणी जावं ते त्याने ठरतं. कुणी पंच घेऊन मोठी करायला निघाला तर हात धरा. एमएलएसला सिलिकॉनही लावायचं नाही. टाइमिंग कव्हर जिथे भिडतं तिथे मॅन्युअल सांगेल तर ठिपकाभर, बाकी कोरडं.

बोल्ट. आजचे बहुतेक हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात आणि एकदाच वापरायचे. नवे घ्या. ब्लॉकमधल्या आट्यांत टॅप मारू नका, धातू निघून आटे बारीक होतात. जुन्याच बोल्टला उभ्या दोन खाचा पाडून तो हाताने फिरवला की आटे छान साफ होतात. भोकांत तेल-पाणी राहिलं असेल तर हवेने उडवा. बंद भोकात द्रव असताना बोल्ट आवळला तर टॉर्क रेंच खोटं सांगतं आणि कधी ब्लॉकला चीरही जाते. आवळायचा क्रम मधून बाहेर. आधी ठरलेला टॉर्क, मग अंशांत, उदाहरणार्थ चाळीस न्यूटन-मीटर, नंतर नव्वद अंश, पुन्हा नव्वद अंश. आपल्या इंजिनाचे आकडे मॅन्युअलमधलेच. "माझ्या हाताला अंदाज आहे" हे चाकाच्या नटांना ठीक.

मोठ्या टर्बोच्या वेळी एआरपीसारख्या कंपनीचे स्टड (बोल्टऐवजी वापरायचे, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) उपयोगी पडतात: जास्त ताण धरतात आणि पुन्हा वापरता येतात. त्यांच्यासोबत येणारं वंगण आणि त्यांनी सांगितलेलाच टॉर्क वापरायचा. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचे. नकली माल बाजारात आहे, बिलाशिवाय घेऊ नका. साध्या रिमॅपला याची गरज नाही.

पायरी ७: जोडणीनंतर

हेड काढताना थोडं कूलंट तेलात जातंच, म्हणून पहिल्या स्टार्टच्या आधी तेल आणि फिल्टर नवं, आणि पाचशेएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. टाइमिंग बेल्ट असेल तर तो याच वेळी. कूलंट भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडायचा) असेल तर उघडा, फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत जागेवर थांबा. अडकलेल्या हवेच्या एका बुडबुड्याने नवं हेडही वाकतं. पहिले काही दिवस रोज सकाळी पातळी बघा. थोडी उतरून स्थिर झाली तर ती राहिलेली हवा, उतरतच राहिली तर परत गॅरेज. हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण बूस्ट नको. ताणून बसवायच्या बोल्टांना नंतर पुन्हा आवळायचं नसतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. वॉरंटी तर जातेच. विमा कंपनीला न कळवता मोठे बदल केले तर क्लेमच्या वेळी प्रश्न येतात. आपल्याकडे गाडी आठवड्यात तीन राज्यांत फिरते, तेव्हा कागद आणि पीयूसी जागेवर असू द्या.

घाटात

चोर्ला चढताना, केरीकडून माणसं-सामान भरून, खालचा गिअर घ्या आणि आरपीएम अडीच हजारांच्या वर ठेवा. पंप आणि तेल दोन्ही नीट फिरतात आणि बूस्टही कमी लागतो. माथ्यावर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं आयडलवर सोडा.

आकडा नेहमीपेक्षा सात-आठ अंश वर गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि फॅन जोरात लावा, खिडक्या उघडा, पाय हलका करा. ११५ च्या पुढे गेला, किंवा लाल दिवा लागला, तर वळणावर नव्हे, सरळ जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, टाकीचं झाकण अजिबात उघडू नका, आत सव्वाशे अंशांचं पाणी दाबाखाली आहे. इंजिनावर बाहेरून गार पाणीही ओतू नका. तासभर तरी जाऊ द्या. हाताला झाकण गार लागलं की कापड धरून हळू उघडा आणि पातळी बघा. पाणी भरल्यावर पुन्हा आकडा चढायला लागला, किंवा टाकीत बुडबुडे दिसले, तर बेळगावपर्यंत ढकलत नेऊ नका. जिथे रेंज मिळेल तिथून टो-व्हॅन बोलवा.